जावा-जावा इस्तंबूलला

ताई,

तुमच्या फोटोचं काय झालं ते आधी सांगते, कारण तुम्ही असतात तर त्यावरूनच घर डोक्यावर घेतलं असतंत. हार घालायला तुमचा एकटीचा धड फोटो कुणाकडेच नव्हता. लग्नाकार्यात कॅमेरा दिसला की तुम्ही पदर तोंडावर ओढणार, आणि आधार कार्डावर तुम्ही कुणाला तरी मारायला निघाल्यासारख्या दिसता. शेवटी तुमच्या नितेशने आपल्या दोघींचा इस्तंबूलच्या बोटीतला फोटो घेतला आणि त्यातून मला कापलं. मी गेले, पण तुमच्या खांद्यावरची माझी चार बोटं काही त्याला काढता आली नाहीत. आता भिंतीवर तुम्ही हसताय, चंदनाचा हार आहे आणि खांद्यावर कुणाची तरी चार बोटं आहेत. भेटायला येणारं प्रत्येक माणूस विचारतं, "हात कुणाचा?" मी सांगते, "माझा." मग ते म्हणतात, "तुमचं दोघींचं फार होतं हो. सख्ख्या बहिणींसारखं."

मी मान खाली घालते. त्यांना वाटतं, बाई रडू आवरतेय. मी हसू आवरत असते.

सख्ख्या बहिणींसारखं! एका इमारतीत, तुम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि मी तिसऱ्या, आपण आठ-नऊ वर्षं एकमेकींशी एक अक्षर बोललो नव्हतो. पळस्प्यापासून आपट्यापर्यंत सगळ्या नातेवाइकांना ते माहीत होतं. पण माणूस गेलं की लोकांची आठवण किती गुणी होते!

आणि भांडण तरी कशावरून, तर पाट्या-वरवंट्यावरून. विमानतळासाठी गाव उठलं, घर रिकामं करायचा दिवस आला आणि दारात दोन टेम्पो लागले. सासूबाईंचा तो काळा दगडी पाटा तुमच्या टेम्पोत चढला. वरवंटा माझ्या टेम्पोत गाद्यांच्या वळकटीत निघाला. त्याच पाट्यावर मी लग्न होऊन आले तेव्हापासून आपण मसाला वाटला होता. तुम्ही वाटायचात, मी पाणी शिंपडायची, आणि वाटता वाटता अख्ख्या भावकीची सालं काढून व्हायची. नव्या पनवेलला आल्यावर मी वाट बघितली की तुम्ही वरवंटा मागाल. तुम्ही वाट बघितलीत की मी पाटा मागेन. दोघींनीही मागितलं नाही. मग कुणीतरी तुम्हाला सांगितलं की कुंदा म्हणते, ताईंनी पाटा लाटला. मला कुणीतरी सांगितलं की ताई म्हणतात, शाळेतली बाई, तिला पाटा कशाला हवा, तिचा मिक्सर फिरतो की. झालं. तुम्ही पाट्यावर अळूची कुंडी ठेवलीत. मी वरवंट्याने दार अडवलं.

मधली सगळी बोलणी पिहू करायची. तुमची नात, पण दोन्ही घरांची वकील. "छोट्या आजी, मोठी आजी म्हणते, वर कपडे पिळून वाळत घाला, खाली गळतात." "मोठ्या आजीला सांग, ते माझे कपडे नाहीत, एसीचं पाणी आहे." पोरगी जिने चढून उतरून दमायची आणि दोन्हीकडून चिक्की वसूल करायची.

मग भाऊजींना सत्तर पूर्ण झाली, तेव्हा नितेशच्या डोक्यात आलं की सगळ्या घराने मिळून मे महिन्याच्या सुट्टीत इस्तंबूलला जायचं. "एकाच शहरात दोन खंड, आई. अर्धं युरोपात, अर्धं आशियात. आणि हजार-दीड हजार वर्षांच्या इमारती."

तुम्ही म्हणालात, "येक गाव पुरं हाय. दोन खंड कशाला?"

पण निघालात. आपल्या घराच्या जागेवर तेव्हा धावपट्टीचं काम चाललं होतं आणि विमान पकडायला आपल्याला मुंबईला जायचं होतं. टॅक्सीत तुम्ही एवढंच बोललात, "घर दिलं, आंगन दिलं, आनि इमान बगायला परगावी." टॅक्सीवाल्याला वाटलं आपण त्याच्याशी बोलतोय. तो म्हणाला, "हां जी."

खोल्यांचं बुकिंग नितेशने आणि माझ्या स्नेहलने मिळून केलं होतं. ही दोन चुलत भावंडं लहानपणापासून एकमेकांच्या चोऱ्या लपवणारी, त्यामुळे मला तेव्हाच शंका यायला हवी होती. हॉटेलात पोचल्यावर नितेशने चाव्या वाटल्या. "बाबा आणि काका एका खोलीत. दोघं घोरतात, दुसऱ्या कुणाला झोप लागणार नाही. स्नेहल आमच्याबरोबर वर. आई आणि काकू तळमजल्यावर, जिने नकोत."

आपण दोघी चावीकडे बघत राहिलो. भाऊजी आणि आमचे हे, दोघे भाऊ आपापल्या बुटांकडे बघत राहिले.

खोलीत एकच मोठा पलंग होता. तुम्ही आत शिरल्या शिरल्या त्याच्या मधोमध तुमची पिशवी ठेवलीत. हद्द ठरली. पण खरी अडचण त्यानंतर लक्षात आली, ताई. आपल्याकडे वकील नव्हता. पिहू वरच्या मजल्यावर झोपली होती.

एसी गारठवत होता आणि रिमोट माझ्या बाजूला होता. तुम्ही भिंतीकडे तोंड करून म्हणालात, "थंडी हाय." भिंत गप्प बसली. मीही. तुम्ही शाल घेतलीत, मग दुसरी शाल घेतलीत, आणि नाक ओढलंत. तेवढ्यात अंगणातल्या खिडकीतून एक गलेलठ्ठ करडं मांजर आत उडी मारून आलं. त्या गावात मांजरं कुठेही जातात, कुणी हाकलत नाही. तुमचा चेहरा असा उजळला, जणू माहेरचं माणूस आलं.

"ये गो मने. तिला सांग, ती मशीन बंद कर."

मी मांजराला म्हणाले, "मने, त्यांना विचार, खिडकी उघडी ठेवायची का?"

"तिला सांग, आर्दी."

संध्याकाळपर्यंत आपण त्या मांजरामार्फत आंघोळीचे नंबर लावले, उशा वाटून घेतल्या, आणि तुमच्या बीपीच्या गोळीचीही चौकशी झाली. मांजराला दोन्हीकडून बिस्किटं मिळत होती, त्यामुळे ते जागचं हललं नाही. स्नेहल जेवायला बोलवायला आली ती दारातच थांबली. "आई, तू मांजराशी काय बोलतेस?"

"काकूंना विचारतेय, भात खाणार का."

पोरीने दार हळूच ओढून घेतलं. बाहेर ती आणि नितेश किती हसले, ते मला पुढे कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मोठ्या पुलावर गेलो. दोन्ही कठड्यांना माणसं गळ टाकून उभी, आणि प्रत्येकाजवळ मासळीची बादली. तोपर्यंत तुम्ही त्या गावावर नाराज होतात. चहात दूध नाही, पावात मीठ नाही. पण बादल्या दिसल्या आणि तुम्ही प्रत्येक बादलीत डोकावत निघालात. एका म्हाताऱ्याच्या बादलीतला मासा बोटाने उलटा करून तुम्ही त्याला म्हणालात, "बांगड्याचं पोर हाय. सोड त्याला." तो हसला आणि त्याने तुम्हाला गळच धरायला दिला. नितेश पिहूला आईस्क्रीम घ्यायला गेला, सगळे त्याच्या मागे गेले. जाताना तो म्हणाला, "आई, काकू, इथेच थांबा. हलू नका."

तुम्ही हललात.

आधी चुळबुळ केलीत, मग पुलाचा जिना उतरायला लागलात. तुम्हाला कशाची घाई आहे ते मला चालण्यावरून कळलं. आदल्या दिवशी आपण जिथे गेलो होतो, त्या सार्वजनिक शौचालयाला कार्ड टेकवून उघडायचं लोखंडी गेट होतं. खाली धक्क्यावर अगदी तसंच गेट होतं आणि माणसांची तशीच गर्दी. नितेशने प्रवासाचं कार्ड प्रत्येकाच्या गळ्यात अडकवलं होतं. तुम्ही ते टेकवलंत आणि आत गेलात.

ते बोटीचं गेट होतं. तुर्की मला येत नाही, पण बोटीचं चित्र मला कळतं. एक हाक मारली असती तर तुम्ही थांबला असतात. हाक घशापर्यंत आली. पण इतक्या वर्षांचा अबोला असा बोटीच्या गेटवर कसा मोडायचा? मी इकडेतिकडे मांजर शोधलं, खरंच सांगते. मग मीही कार्ड टेकवलं आणि तुमच्या मागे धावले.

बोट सुटली. तुम्हाला हवं होतं ते बोटीतही सापडलं, त्यामुळे तुम्ही समाधानाने बाहेर आलात. खिडक्या, बाकं, चहावाला, दोन मजले. खाडीकाठच्या आगरातल्या बाईला होडी काय नवी? पण अशी होडी तुम्ही कशाला बघितली असणार? तुम्ही भिंतीला हात लावलात, पायाखाली बघितलंत, आणि समोर मी दिसले.

"कुंदा, ही इमारत हालते."

आठ-नऊ वर्षांनी हे तुमचे पहिले शब्द.

"इमारत नाही, बोट आहे."

"आपल्याला कुनी बसवलं हिच्यात?"

"तुम्हीच बसलात."

"आनि तू?"

"तुमच्या मागे."

तुम्ही बाकावर बसलात. मीही शेजारी बसले. "कुटं चाललो आपन?"

"आशियात."

"म्हंजे घराकडं?"

"त्याच दिशेला, ताई."

"मंग बरं," तुम्ही म्हणालात आणि चहावाल्याला बोट दाखवून दोन चहा सांगितलेत.

तुमचा फोन पिहूकडे होता, तिचा खेळ चालला होता. माझा हॉटेलच्या वायफायशिवाय मुका. शेजारच्या एका मुलीने आपला फोटो काढला, माझ्या फोनवर. तिला वाटलं असेल, किती छान, दोघी म्हाताऱ्या मैत्रिणी फिरायला निघाल्यात. मी तुमच्या खांद्यावर हात ठेवला तो प्रेमाने नव्हे हं. बोट हलत होती.

पलीकडे उतरलो तर समोर मासळीबाजार. चोहीकडे लाल रंगाच्या ताटांत चकचकीत मासळी मांडलेली. आपण परतीच्या बोटीची वाट बघत तिथे उभ्या राहिलो, आणि आता बोलायला बंदी उरली नव्हती, म्हणून मी म्हणाले, "पाटा तुम्ही का नेलात?"

तुम्ही गर्रकन वळलात. "वरवंटा तू का नेलास?"

"तो गाद्यांत आला!"

"गाद्यांत आपुन आपुन चालत आला?"

मग जे सुटलं ते सुटलं. आपट्याची माझी आई निघाली, तुमचा भाऊ निघाला, स्नेहलच्या बारशाला तुम्ही उशिरा आलात तेही निघालं. दोन पातळं नेसलेल्या बायका परदेशी बाजारात हात नाचवत भांडताना बघून माणसं जमली. मासेवाल्याला वाटलं, आपण त्याच्या शेवटच्या माशावरून भांडतोय. त्याने तो सुरीने मधोमध कापला आणि अर्धा-अर्धा आपल्या हातात दिला. भांडण थांबेना. तेव्हा दुकानाच्या आतून त्याची आई आली, डोक्याला रुमाल बांधलेली, कमरेत वाकलेली. तिने दोन स्टुलं सरकवली, आपल्या दोघींना खांद्याला धरून बसवलं आणि तिच्या भाषेत जे झापायला सुरुवात केली! एकदा तुमच्यावर बोट, एकदा माझ्यावर, मधे कपाळावर हात. एक शब्द कळत नव्हता आणि सगळं कळत होतं.

तुम्ही मला कोपर मारलंत. "गो, सासूबाय."

मला हसू फुटलं. तुम्हालाही. म्हातारी अजून चिडली आणि तिने चहा मागवला.

चहा पिताना तुम्ही माशाच्या अर्ध्या तुकड्याकडे बघत बोललात, आवाज उतरवून. "पाटा नुसता नेला मी, कारन वरवंटा तुज्याकडं ऱ्हायला पायजे व्हता. दोनी माज्याकडं आसतं, तर तू दुसऱ्या माल्यावर कशाला उतरली आसतीस? म्हनलं, मसाला वाटायला तरी येशील. मी वाट बगितली, कुंदा. आनि तू मिक्सर आनलास."

ताई, हे तुम्ही खरं बोललात की तिथल्या तिथे रचलंत? तुम्हाला रचता यायचं. चांगलंच यायचं. पनवेलला परत आल्यावर मी एकदा विचारलं होतं. तुम्ही कोलंबी सोलत म्हणालात, "तुला काय वाटतं?" आणि कोलंबीच्या भावावर गेलात. हा वाद राहिला. आता मी एकटीच दोन्ही बाजूंनी तो लढवत असते.

परतीच्या बोटीने अलीकडे आलो तेव्हा धक्क्यावर सगळं घर होतं. तुमच्या सुनेसकट सगळे रडवेले. भाऊजी एका पोलिसाला मराठीत तुमचं वर्णन सांगत होते, "रंग सावळा, बोलते फार." आपण कागदात गुंडाळलेले माशाचे दोन तुकडे हातात घेऊन, बोलत बोलत उतरलो. आमचे हे आपल्याकडे बघत राहिले. त्यांचं तोंड उघडलं ते मिटेना. "या दोघी बोलतायत," ते भाऊजींना म्हणाले, आपण सापडल्याचा आनंद विसरून. भाऊजींनी डोळे पुसले आणि तुम्हाला म्हणाले, "आता बंद करू नको म्हंजे झालं."

तुम्ही बंद केलं नाहीत. त्यानंतर प्रत्येक हळदीत ही गोष्ट तुम्ही सांगितलीत आणि प्रत्येक वेळी हरवलेली मीच होते. "कुंदा बोटीत चुकून चढली, मी धावले मागनं. शालेतली बाई, तिला दुनियेचं काय म्हायती?" मी सुरुवातीला चूक सुधारायची. मग सोडून दिलं. तुमची गोष्ट माझ्यापेक्षा रंगायची.

पण एक गोष्ट तुम्ही कुणाला सांगितली नाहीत, ती मी आज सांगते. शेवटच्या दिवशी आपण त्या शहराचा जुना तट बघायला गेलो होतो. कुठे बुरूज उभा, कुठे अर्धाच, कुठे नुसता दगडांचा ढीग, आणि तटाच्या पायथ्याशी लोकांनी पालेभाज्यांचे वाफे केलेले. बाकीचे वर चढले. तुम्ही वाफ्याच्या बांधावर बसलात, तुमच्याजवळ मी. तुम्ही बराच वेळ त्या पडक्या भिंतीकडे बघत होतात.

"येवडी मोडलीय, तरी ठिवलीय," तुम्ही म्हणालात.

आपलं घर मोडलेलं नव्हतं. ते धडधाकट उभं असताना पाडलं.

"आपली ओटी कुटं आसंल गो आता?"

"धावपट्टीखाली असेल."

"मधी, का कडंला?"

"माहीत नाही, ताई."

"मधी आसू दे," तुम्ही म्हणालात. "कडंला नको." मग पदराने तोंड पुसलंत, वाफ्यातली पातीच्या कांद्याची एक जुडी निरखलीत आणि आपल्याकडे याहून बरी येते असं जाहीर केलंत.

घरी आल्यावर मी वरवंटा खाली आणला. तुम्ही अळूची कुंडी उचललीत. आपण एकदा, एकदाच, वाटण वाटलं. दोघींचे खांदे चार दिवस धरले. पाचव्या दिवशी तुम्ही म्हणालात, "तुजा मिक्सर बरा हाय." त्यानंतर वाटण माझ्याकडे आणि जेवण तुमच्याकडे, असं चाललं. तेवढं सुख आपल्याला मिळालं. उशिरा मिळालं म्हणून मी तक्रार करत नाही. रोज दुपारी ते मिळत होतं.

आता त्या शेवटच्या दुपारबद्दल.

दवाखान्यातून तुम्हाला घरी आणलं होतं. सगळ्यांना कळलं होतं, तुम्हालाही. मी केस विंचरत होते. तुम्ही एकदम म्हणालात, "मला वाटलं व्हतं, आदी तू जाशील."

"का?"

"तुजी तब्येत बारीक. मी तयारी करून ठिवली व्हती."

कसली तयारी ते मला लगेच कळलं. गावात कुणी गेलं की बायका तुमच्याकडे बघायच्या. तुम्ही दारात बसून जी सुरुवात करायचात, गेलेल्या माणसाचं एकेक काढून सूर लावून रडायचात, त्याने दगडालाही पाझर फुटायचा. मला ते कधी जमलं नाही. मी मुसमुसणारी.

"मी गेल्यावर कोन रडंल गो माज्यासाटी?" तुम्ही म्हणालात. "सुनेला येत नाय. तुला येत नाय. कर बगू जरा, मी आयकते."

"ताई, काहीतरी काय!"

"कर म्हनते ना."

मी दार लोटलं. घसा साफ केला आणि म्हणाले, "ताई गो..."

"ही काय शालेतली हजेरी हाय? 'गो' लांबव. सास पुरंल तवर लांबव."

मी पुन्हा केलं. तुम्ही तोंड वाकडं केलंत. "थांब. मी दाखवते." उशीला टेकून तुम्ही उठून बसलात, पदर सारखा केलात, डोळे मिटलेत, आणि माझ्यासाठी रडायला लागलात.

"कुंदे गोऽऽ, माजे जावे गोऽऽ. शालेत जायची गो, पायात चप्पल घालून ऐटीत जायची गोऽऽ. कालवन खारट करायची गो, कुनाचं आयकायची नाय गोऽऽ. माज्या नितेशला ताप चडला, तवा मांडीवर घेऊन बसली गो, स्वताचं पोर पालन्यात ठिवून माजं घेऊन बसली गोऽऽ. मी कवा बोलले नाय गो, तोंडावर कवा बोलले नाय..."

आजारी माणसाच्या छातीत एवढा आवाज कुठून आला? खालच्या मजल्यावरच्या बायका धावत आल्या. भाऊजी हातातलं वर्तमानपत्र घेऊन तसेच आत शिरले. समोर तुम्ही बसून रडताय आणि मी, धडधाकट, फणी हातात घेऊन हुंदके देतेय.

"कोन गेलं?" भाऊजींनी घाबरून विचारलं.

"कुनी नाय," तुम्ही डोळे पुसत म्हणालात. "हिला शिकवते."

बायका दारातच फतकल मारून बसल्या आणि हसत सुटल्या. तुम्ही दमून आडव्या झालात, पण चेहऱ्यावर तेज होतं. माणसाला स्वतःचं रडणं जिवंतपणी ऐकायला मिळत नाही, ताई. मला मिळालं. माझे पांग तुम्ही आधीच फेडून ठेवलेत.

त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. बायका गोळा झाल्या आणि सवयीने दाराकडे बघायला लागल्या, आणि तिथे तुम्ही नव्हतात. मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी उंबऱ्याशी बसले. पदर सारखा केला. पुढचे शब्द मला जमले नाहीत. तुमचं एकही काढता आलं नाही, खारट नाही की गोड नाही. पण 'ताई' म्हणाले आणि 'गो' लांबवला. श्वास पुरला तिथपर्यंत लांबवला, आणि मग पुन्हा श्वास घेतला.

तुमची धाकटी जाऊ,
कुंदा